हास्य, विनोद आणि विरूपता : आधुनिक इटालियन नाटक

'हास्य' आणि 'विनोद' हे शब्द आपण व्यवहारात बहुधा एकाच अर्थाने वापरतो. इटालियन नाटककार लुईजी पिरान्देल्लो यांनी विनोदाविषयीच्या १९०८ मधील आपल्या प्रबंधात मात्र या दोहोंत भेद केला आहे.

त्यांनी दिलेले उदाहरण प्रसिद्ध आहे. केस रंगवलेली, तरुणीसारखा नट्टापट्टा केलेली एक वृद्धा दिसते. वृद्धेने जसे असावे त्याच्या नेमके उलट हे रूप आहे, असे ध्यानात येताच आपण हसतो. ही 'विपरीताची जाणीव' होय. तिच्यातून हास्य निर्माण होते. परंतु आपल्याहून लहान असलेल्या पतीचे प्रेम टिकावे म्हणून ती हा केविलवाणा खटाटोप करीत असेल, असा विचार मनात येताच हसू ओसरते. जाणिवेची जागा 'विपरीताची भावना' घेते. पिरान्देल्लोंच्या मते हाच खरा विनोद.

पहिल्या महायुद्धाच्या काळात इटलीत 'ग्रोटेस्क', म्हणजे विरूप नाट्याचा प्रवाह पुढे आला. लुईजी किआरेल्ली यांचे 'मुखवटा आणि चेहरा' (१९१६) हे त्याचे प्रातिनिधिक नाटक. पत्नीने व्यभिचार केल्यास तिला ठार मारीन, अशी बढाई पाओलोने चारचौघांत मारलेली असते. प्रत्यक्ष प्रसंगी त्याचा हात उचलत नाही. तो तिला गुपचूप परदेशी धाडतो आणि खुनाची कबुली देतो. न्यायालय त्याला निर्दोष सोडते, समाज त्याचा गौरव करतो. पुढे पत्नी जिवंत परतते, तेव्हा खून केला नाही म्हणून त्याच्यावर शिक्षेची पाळी येते! येथे विरूपता व्यक्तीच्या देहात नसून समाजाच्या प्रतिष्ठाकल्पनेत आहे.

पिरान्देल्लोंच्या 'हेन्री चौथा' (१९२२) या नाटकात हा मुखवटा अधिक भीषण होतो. सोंगाच्या मिरवणुकीत घोड्यावरून पडलेला नायक स्वतःला खरोखरच मध्ययुगीन सम्राट समजू लागतो. काही वर्षांनी तो भानावर येतो, पण वेडाचे सोंग चालूच ठेवतो. अखेरीस प्रतिस्पर्ध्यावर तलवार चालवल्यानंतर त्या सोंगातून बाहेर पडण्याची वाटच उरत नाही.

तात्पर्य, या नाटकांत प्रेक्षक प्रथम पात्राला हसतो आणि मग त्या पात्राला मुखवटा चढवणे भाग पाडणाऱ्यांत आपणही आहोत, हे त्याला उमगते.

स्वयंअध्ययन प्रश्न : पाओलोच्या कृतीत 'विपरीताची जाणीव' कोठे संपते आणि 'विपरीताची भावना' कोठे सुरू होते, ते स्पष्ट करा.