दातांच्या दोन खुणा आणि पोटाला फुगा: कुत्र्याला तातडीच्या शस्त्रक्रियेची गरज का पडते?

भटक्या कुत्र्यांच्या भांडणात घरचा कुत्रा सापडला, तर बाहेरून दिसतात दातांच्या दोन-चार खुणा. रक्तही फारसं नसतं. हळद लावून विषय संपतो आणि इथेच घात होतो.

कुत्रा नुसता चावत नाही, धरून झटके देतो. कातडी सैल असल्याने ती दातांसोबत सरकते, पण आतला स्नायू फाटतो. पोटाचा स्नायू फाटला की आतडं त्या भगदाडातून कातडीखाली येतं. हाच मार लागून झालेला हर्निया. पिल्लाच्या बेंबीजवळची जन्मजात गाठ वेगळी, ती बहुतेक वेळा थांबू शकते. ही थांबत नाही. आतडं अडकलं तर त्याचा रक्तपुरवठा तुटतो आणि तो भाग मरतो. आतडं फुटलं तर घाण पोटात पसरते.

चावल्यानंतर मऊ फुगवटा, उलट्या, पांढुरक्या हिरड्या, पोटाला हात लावू न देणं यातलं काहीही दिसलं तर सकाळची वाट पाहू नये. फुगवटा आत ढकलू नका. आतडं बाहेर दिसत असेल तर स्वच्छ ओल्या कापडाने झाका. खायला-प्यायला देऊ नका, भूल द्यावी लागणार असते. माणसांची आयबुप्रोफेनसारखी गोळी तर अजिबात नको. तिने कुत्र्याच्या पोटात व्रण होतात, किडनी निकामी होऊ शकते. दुखण्याने लाडका कुत्राही चावतो, म्हणून तोंड बांधा. उलट्या होत असतील किंवा धाप लागली असेल तर मात्र बांधू नका.

डॉक्टर आधी सलाईन आणि वेदनाशामक देऊन त्याला सावरतात, मग एक्स-रे किंवा सोनोग्राफी. पोट उघडल्यावर सगळं आतडं तपासतात, मेलेला भाग कापून टोकं जोडतात, स्नायू शिवतात. टाके साधारण 10 ते 14 दिवसांनी निघतात. तोवर गळ्यात कॉलर हवीच, नाहीतर तो चाटून टाके काढतो.

वऱ्हाडात गुंतागुंतीच्या केससाठी अकोल्याच्या स्नातकोत्तर पशुवैद्यक व पशुविज्ञान संस्थेचं नाव निघतं. ती नागपूरच्या 'माफसू' विद्यापीठाची संस्था. अमरावतीहून अंतर शंभर किलोमीटरच्या आसपास. या महामार्गाचे खड्डे वर्षानुवर्षं गाजले. जून 2022 मध्ये 75 किलोमीटर डांबरीकरण 105 तास 33 मिनिटांत करून त्याची गिनीज बुकात नोंद झाली. तरीही निघण्याआधी फोन करून सर्जन आहेत का विचारा, आणि जवळच्या डॉक्टरांकडून सलाईन सुरू करून घ्या.

रेबीजची लस आधी झालेली असली तरी चावल्यावर पुन्हा द्यावी लागते. त्याची लाळ तुमच्या जखमेला लागली असेल तर साबणाने 15 मिनिटं धुवा आणि स्वतःही दवाखान्यात जा.