‘नॉव्हेल’, ‘रोमान्स’ आणि ‘कादंबरी’

इंग्रजी साहित्यविचारात ‘नॉव्हेल’ आणि ‘रोमान्स’ या संज्ञा एका कुळातल्या असल्या तरी समानार्थी नाहीत. क्लारा रीव्ह यांनी १७८५ मधील ‘द प्रोग्रेस ऑफ रोमान्स’ या ग्रंथात हा भेद मांडला : ‘नॉव्हेल’चा विषय आपल्या काळातील नित्याचे जीवन, तर ‘रोमान्स’चा विषय संभाव्यतेपलीकडील अद्भुत. हॉथॉर्न यांनी १८५१ मध्ये ‘द हाउस ऑफ द सेव्हन गेबल्स’ला ‘रोमान्स’ म्हटले, ते अशी मोकळीक हक्काने मिळावी म्हणूनच. (‘रोमान्स’चा आज मराठीत रूढ असलेला शृंगारिक अर्थ येथे अभिप्रेत नाही.)

हा भेद सार्वत्रिक मात्र नाही. फ्रेंच आणि जर्मन भाषांत ‘रोमान’ ही एकच संज्ञा दोहोंना पुरते. आपल्याकडेही तसेच झाले. बंगालीने ‘उपन्यास’ हा शब्द स्वीकारला. मराठीने बाणभट्टाच्या ‘कादंबरी’ या विशेषनामाचेच सामान्यनाम केले. नव्या प्रकाराला सातव्या शतकातील अद्भुतरम्य कथेचे नाव मिळाले, ही बाब मला निव्वळ योगायोगाची वाटत नाही.

कोलकात्यात अध्यापन करताना १८५७ या वर्षाचा दाखला विशेष उपयोगी पडतो. त्या वर्षी भूदेव मुखोपाध्याय यांचे ‘ऐतिहासिक उपन्यास’ प्रसिद्ध झाले. त्यातील ‘अंगुरीय विनिमय’ ही शिवाजी आणि रोशिनारा यांची प्रेमकथा हॉबार्ट काँटर यांच्या ‘रोमान्स ऑफ हिस्टरी’वर आधारलेली आहे. इंग्रजी शीर्षकातील ‘रोमान्स’ बंगालीत येताच ‘उपन्यास’ झाला. त्याच वर्षी बाबा पदमनजी यांचे ‘यमुनापर्यटन’ निघाले. विधवांच्या समकालीन दुःस्थितीचे हे चित्रण ‘नॉव्हेल’च्या व्याख्येत सहज बसते, परंतु लेखकाने शीर्षकातच त्यास ‘निरूपण’ म्हटले. महाराष्ट्राचा राजा बंगालीत ‘रोमान्स’चा नायक होतो आणि मराठीत ‘नॉव्हेल’सदृश कृती स्वतःस कादंबरी म्हणवीत नाही!

अडचण उद्भवते ती आपण इंग्रजीत साहित्येतिहास लिहू लागतो तेव्हा. ‘उपन्यास’ आणि ‘कादंबरी’ या दोहोंसाठी सरसकट ‘नॉव्हेल’ लिहिले की हळबे यांची ‘मुक्तामाला’ (१८६१) वास्तवाचे भान नसलेली, अपक्व ‘नॉव्हेल’ ठरते. तिने जे करू पाहिलेच नाही, त्याबद्दल तिला दोष दिला जातो. ‘रोमान्स’ म्हणून वाचल्यास प्रश्नच बदलतात : अद्भुताची योजना कशी आहे, ती संस्कृत कथेशी कोठे जुळते आणि कोठे फारकत घेते? वि. का. राजवाडे यांनी ‘कादंबरी’ या १९०२ मधील निबंधात अद्भुत आणि वास्तव यांचा विचार केला तो या एकाच संज्ञेखाली. भेद दाखविण्यासाठी त्यांना विशेषणांचा आधार घ्यावा लागला. इंग्रजीत लिहिणाऱ्या अभ्यासकाने ती विशेषणे गाळू नयेत, एवढाच माझा आग्रह आहे.