गाण्याचा सातबारा

'अल्बम' हा शब्द उच्चारला की आमच्या हिंगोलीकडे अद्यापही प्रथम लग्नच आठवते. जाड पुठ्ठ्याचा, मखमली वेष्टनाचा, वऱ्हाडी मंडळींच्या रांगाच्या रांगा ज्यात चिकटवलेल्या आहेत असा तो ग्रंथ पाहुणा घरात टेकताच पाण्याच्या तांब्याबरोबर त्याच्यापुढे ठेवण्याचा रिवाज पुष्कळ घरांतून शिल्लक आहे. आणि म्हणूनच शेजारच्या महाविद्यालयीन मुलाने परवा मोठ्या उल्हासाने "काका, एका इंडी रॉक बँडचा पहिला स्टुडिओ अल्बम शुक्रवारी रिलीज होतोय," अशी वार्ता दिली, तेव्हा त्या संपूर्ण वाक्यातील 'काका' आणि 'शुक्रवारी' हे दोनच शब्द मला निःशंकपणे कळले. उरलेल्या शब्दांचा अर्थ लावण्यात माझे चार दिवस गेले. त्या चार दिवसांची जमा वाचकांपुढे मांडावी, एवढाच या लेखाचा हेतू आहे.

अल्बम या शब्दाची कुळकथा लग्नाच्या त्या ग्रंथापासून फारशी दूर नाही. मिनिटास 78 फेरे घेणाऱ्या लाखेच्या तबकड्यांचा जमाना होता, तेव्हा एका बाजूवर जेमतेम तीन-साडेतीन मिनिटांचे गायन मावत असे, आणि 1902 साली कलकत्त्यास गौहरजान यांनी ध्वनिमुद्रण यंत्रापुढे गाण्याचे धाडस केले तेव्हा रात्रभर विस्तारणाऱ्या रागाला अशाच चिमुकल्या अवकाशात अंग चोरून बसावे लागले. दीर्घ रचना असली तर ती अनेक तबकड्यांवर तोडून मुद्रित करीत, त्या तबकड्या कागदी खणांत घालून पुस्तकासारख्या बांधीत, आणि ते बाड छायाचित्रांच्या अल्बमसारखे दिसे म्हणून त्यालाही तेच नाव पडले. पुढे जून 1948 मध्ये अमेरिकेतील कोलंबिया कंपनीने मिनिटास सव्वातेहतीसच्या आसपास फेरे घेणारी लांब पल्ल्याची तबकडी बाजारात आणली, एका बाजूवर वीस-बावीस मिनिटे सहज बसू लागली, पुस्तक बांधण्याचे कारण उरले नाही. नाव मात्र राहिले, जसे वतन गेल्यावरही आडनाव राहते.

तबकडी लांबल्याने केवळ सोय वाढली असे नाही, तर गाण्यांच्या क्रमाला अर्थ आला. आठ-दहा गाणी एकत्र द्यायची तर पहिले कोणते, शेवटचे कोणते, कोणत्या गाण्यानंतर श्रोत्याला उसंत द्यावी, हा विचार करणे भाग पडले. आणि कीर्तनकार ज्याप्रमाणे नमनापासून आरतीपर्यंतची बांधणी मनाशी धरून उभा राहतो, त्याप्रमाणे वादकांचे संघ चाळीस मिनिटांची एक सलग कृती रचू लागले. इंग्लंडमधील 'बीटल्स' या चौघांनी आपल्या पहिल्या अल्बमचा बहुतेक भाग 11 फेब्रुवारी 1963 या एका दिवसात मुद्रित केला होता. त्याच चौघांना 1967 च्या 'सार्जंट पेपर'साठी स्टुडिओत महिनेच्या महिने खर्च करावे लागले, कारण मधल्या चार वर्षांत स्टुडिओ ही गाणे टिपून घेण्याची जागा न राहता गाणे घडविण्याची जागा झाली होती. 'स्टुडिओ अल्बम' या शब्दातील पहिल्या पदाचे महत्त्व इथे आहे. मैफिलीत वाजविलेले जसेच्या तसे टिपले तर त्याला 'लाइव्ह' म्हणतात. बंद खोलीत एकेक वाद्य स्वतंत्रपणे वाजवून, पुनःपुन्हा पारखून, थरावर थर चढवून जे सिद्ध होते ते स्टुडिओचे.

'बँड' या शब्दानेही आमच्याकडे घोटाळा होतो, कारण वरातीपुढे पितळी वाद्ये घेऊन चालणारा तो बँड, अशी आमची पक्की समजूत. रॉक बँड म्हणजे चार-पाच जणांचा संघ: एक गाणारा, एक-दोन विजेवर चालणाऱ्या गिटारी, खर्जाचा आधार देणारी बेस गिटार, पायाने आणि हातांनी वाजविला जाणारा ढोलांचा ताफा, आणि क्वचित पेटीच्या जागी कीबोर्ड. आमच्या गणेशोत्सवातल्या ऑर्केस्ट्र्यापासून तो एका बाबतीत मूलतः भिन्न आहे. ऑर्केस्ट्रा दुसऱ्यांची लोकप्रिय गाणी हुबेहूब म्हणतो आणि त्यातच त्याचे कौशल्य. बँड आपले शब्द, आपली चाल घेऊन उभा राहतो. या दृष्टीने तो भजनी मंडळाच्याही पलीकडे जातो, कारण मंडळाजवळ संतांची पुंजी तयार असते, ह्याला ती स्वतः कमवावी लागते.

ही पुंजी स्टुडिओत कशी वळते, तेही पाहण्यासारखे आहे. भिंतींना आवाज शोषणारे अस्तर लावलेल्या त्या खोलीत बहुधा प्रथम ढोल मुद्रित करतात. वादकाच्या कानात लयीची टिकटिक अखंड चालू असते, म्हणजे पुढे येणाऱ्या सर्वांनी त्याच एका लयीवर पाऊल ठेवावे. मग बेस, मग गिटारी, आणि शेवटी काचेआड उभ्या गायकाचा आवाज. हे सर्व वेगवेगळ्या पट्ट्यांवर साठते; त्यानंतर कोणता आवाज पुढे, कोणता मागे, कोणता डाव्या कानाशी, कोणता उजव्या, हे ठरविणारे मिश्रण होते, आणि अखेरीस सर्व गाण्यांची पातळी एकजीव करणारा शेवटचा हात फिरतो, ज्याला त्या व्यवसायात मास्टरिंग म्हणतात. या सगळ्या खटाटोपाचा पाया शांतता हा आहे. शांततेची किंमत आम्हा हिंगोलीकरांना तशी नवी नाही: औंढा नागनाथ तालुक्यात दुधाळ्याजवळ जी 'लायगो' वेधशाळा व्हायची आहे, तिच्या चार-चार किलोमीटरच्या दोन बाहूंनी अंतराळातून येणाऱ्या गुरुत्वीय लहरी टिपायच्या, म्हणजे आजूबाजूच्या जमिनीची थरथरदेखील त्यांना सोसवणार नाही. प्रमाणाचा भेद पर्वत आणि मोहरीचा असला, तरी सूक्ष्म ऐकायचे तर आधी गोंगाट निवारला पाहिजे, हे तत्त्व दोन्हीकडे सारखेच लागू आहे.

आता उरला 'इंडी'. हा 'इंडिपेंडंट' म्हणजे स्वतंत्र या शब्दाचा लघुरूप अवतार. पण स्वतंत्र कोणापासून, हा प्रश्न विचारल्यावाचून त्याचा अर्थ लागत नाही. ध्वनिमुद्रण खर्चिक काम आहे, आणि हा खर्च परंपरेने कंपनी उचलीत आली. कंपनी आगाऊ रक्कम देते, स्टुडिओचे भाडे भरते, जाहिरात करते. मोबदल्यात मूळ ध्वनिमुद्रणाची मालकी बहुधा तिच्याकडे जाते, आणि विक्रीतून आगाऊ रक्कम बेबाक होईपर्यंत कलावंताच्या हाती फारसे काही पडत नाही. मराठवाड्यातील शेतकऱ्याला ही व्यवस्था समजावून सांगावी लागणार नाही; बियाणे सावकाराचे, घाम आपला, आणि खळ्यावरची पहिली रास सावकाराची, हे त्याच्या आजोबांनी अनुभवलेले आहे. 1976 च्या अखेरीस मँचेस्टरच्या 'बझकॉक्स' या संघाने ही चाकोरी मोडली. त्यांनी ओळखीच्यांकडून पाचशे पौंड उसने घेतले, चार गाणी मुद्रित केली आणि जानेवारी 1977 मध्ये 'स्पायरल स्क्रॅच' नावाने स्वतःच हजार प्रती काढल्या. त्या भराभर खपल्या. आणि मोठ्या कंपनीच्या सनदेवाचूनही तबकडी निघू शकते, ही गोष्ट एकदा सिद्ध झाल्यावर गावोगावी असे संघ निपजले. इंडी हा प्रथम आवाजाचा प्रकार नव्हता. तो मुखत्यारीचा प्रकार होता.

भारतात या शब्दाला आणखी एक छटा आली, कारण येथे सर्वांत मोठा सावकार चित्रपट हा होता. चित्रपटाबाहेरचे, स्वतः रचलेले गाणे म्हणजे इंडी, अशी येथील वहिवाट पडली, मग ते मोठ्या कंपनीने काढलेले का असेना. मुंबईच्या 'रॉक मशीन'ची हकीकत या दृष्टीने बोधप्रद आहे. 1984 साली स्थापन झालेल्या या संघात पुढे उदय बेनेगल हे गायक आले, तर महेश तिनईकर हे गिटारवादक आरंभापासूनचे. त्या काळी महाविद्यालयांच्या उत्सवांतून आणि 1986 पासून धोबीतलावाजवळच्या रंगभवनात भरू लागलेल्या 'इंडिपेंडन्स रॉक'सारख्या मेळ्यांतून श्रोत्यांना हवी असत ती परदेशी बँडांची परिचित गाणी. स्वतःचे गाणे सुरू केले की गर्दीतून जुन्या गाण्याची फर्माइश येई. तरीही या मंडळींनी 1988 मध्ये 'रॉक अँड रोल रेनिगेड' आणि 1990 मध्ये 'द सेकंड कमिंग' असे स्वतःच्या गाण्यांचे दोन अल्बम काढले. 1993 मध्ये नाव बदलून 'इंडस क्रीड' म्हणजे सिंधूचा पंथ असे नवे नाव धारण केले, आणि 1995 च्या अल्बमला तेच नाव दिले. पुढे संघ विखुरला, पुन्हा जुळला, आणि 2012 मध्ये 'इव्हॉल्व्ह' हा अल्बम घेऊन श्रोत्यांपुढे आला. दोन अल्बमांत सतरा वर्षांचे अंतर पडावे, यावरून या वाटेवर उदरनिर्वाह किती कठीण आहे याचा अंदाज वाचकांनी बांधावा.

दिल्लीच्या 'इंडियन ओशन'ने प्रकाशनाचीच रीत पालटून दाखविली. सुस्मित सेन आणि असीम चक्रवर्ती यांनी 1990 मध्ये उभारलेल्या या संघाने 2000 च्या 'कंदिसा'ने कीर्ती मिळविली होती, आणि त्यांचे राहुल राम हे तर नर्मदा बचाव आंदोलनात वावरलेले, त्यामुळे त्या खोऱ्यातले गाणे त्यांच्या अल्बमात नवा साज लेऊन आले. एवढा लौकिक गाठीशी असता कंपनीकडे न जाता त्यांनी 2010 मध्ये आपला नवा अल्बम महिन्याला एक गाणे याप्रमाणे श्रोत्यांना विनामूल्य देण्यास आरंभ केला. अल्बमचे नाव '16/330 खजूर रोड'. करोल बागेतील ज्या जुन्या घरात वर्षानुवर्षे तालीम चालली, त्याचा तो पत्ता. असीम चक्रवर्ती 25 डिसेंबर 2009 रोजी वारले होते. त्यांचा आवाज त्यांच्या मागे, महिन्यामहिन्याने, लोकांपर्यंत पोचत राहिला.

आज प्रकाशन म्हणजे दुकानात खोकी उतरविणे राहिलेले नाही. वितरकाच्या संकेतस्थळावर गाणी आणि मुखपृष्ठ चढवायचे, काही दिवस अगोदर तारीख जाहीर करायची, आणि शुक्रवार उजाडला की सर्व जगात एकदम ती खुली व्हायची. शुक्रवारच का, तर 10 जुलै 2015 पासून ध्वनिमुद्रण व्यवसायाने तोच वार जगभरासाठी मुक्रर केला आहे. दरवाजा सर्वांना उघडा झाला, ही या व्यवस्थेची जमेची बाजू. एका वेळच्या श्रवणापोटी मिळणारा मोबदला पैशांत मोजावा इतका अल्प, ही खर्चाची. तेव्हा स्वतंत्र बँडचे पोट भरते ते कार्यक्रमांच्या बिदागीवर, आणि अल्बम हा त्याचा नावलौकिक.

मग स्वतंत्र राहून मिळविले काय? याचे उत्तर दप्तरात आहे. प्रत्येक मुद्रित गाण्याला दोन मालक्या असतात: शब्द आणि चाल यांची एक, ध्वनिमुद्रणाची दुसरी. शब्द-चालीवर रचणाऱ्याचा हक्क त्याच्या हयातीत आणि मृत्यूनंतर 60 वर्षे टिकतो; ध्वनिमुद्रणाचा हक्क प्रकाशनाच्या पुढील वर्षापासून 60 वर्षे. आपल्याकडे एकरकमी बिदागी घेऊन गाणे कायमचे विकून टाकण्याची चाल इतकी रूढ होती, की रचणाऱ्याचा मोबदल्यातील वाटा त्याच्याकडून लिहून घेता येणार नाही असा बंदोबस्त 2012 मध्ये कायद्यातच करावा लागला. पण ध्वनिमुद्रणाची मालकी अजूनही ज्याने पैसा घातला त्याची. ज्या बँडने पदरमोड केली, त्या बँडच्या नावावर ते शेत राहते. उद्या त्यातून काही पिको वा न पिको, फेरफाराची नोंद दुसऱ्याच्या नावे होत नाही.

"पण हे मुंबई-दिल्लीचे, इंग्रजी-हिंदीतले गाणे, त्याचे आपल्याला काय?" असे कोणी विचारील. त्याने नर्सीच्या नामदेवांचे स्मरण करावे. याच जिल्ह्याच्या मातीतले ते संत पंजाबात घुमानला राहिले, तिकडच्या बोलीत गायले, आणि त्यांची 61 पदे गुरू ग्रंथ साहिबात समाविष्ट झाली. परक्या बोलीत गायल्याने गाणे परके होते असे त्यांच्याविषयी आजवर कोणी म्हटलेले नाही. आणि औंढ्याची आख्यायिका तर घरोघरी ठाऊक आहे: देवळापुढे कीर्तन चालले असता पूजेत व्यत्यय येतो म्हणून नामदेवांना मागे जाण्यास सांगण्यात आले, ते निमूटपणे मागे जाऊन गाऊ लागले, आणि देऊळच फिरून त्यांच्याकडे तोंड करून उभे राहिले. नंदी मागच्या बाजूला का, याचे उत्तर म्हणून ती आजही सांगतात. श्रद्धेचा भाग ज्याचा त्याने पाहावा. पुढची जागा नाकारली गेल्यावर ज्याने मागे जाऊन आपलेच गाणे गायले, त्याची ही कथा आहे एवढे खरे. मात्र प्रत्येकासाठी देऊळ फिरत नाही, हेही सत्य सांगून ठेवले पाहिजे.

शुक्रवारी रात्री मी त्या मुलाशेजारी बसून तो अल्बम, त्याच्या आग्रहावरून क्रम न मोडता, पहिल्यापासून शेवटपर्यंत ऐकला. नऊ गाण्यांपैकी तीन मला मनापासून आवडली, दोनांत वाद्यांनी शब्द गिळून टाकले होते, आणि उरलेल्या चारांविषयी मत देण्यास एक श्रवण पुरेसे नाही. ऐकून झाल्यावर मी त्याला पडदा खाली सरकवायला सांगितले. तळाशी, बारीक अक्षरांत, ध्वनिमुद्रणाचा हक्क दाखविणाऱ्या वर्तुळातल्या 'पी'पुढे वर्ष होते, आणि वर्षापुढे मालक म्हणून त्या बँडचेच नाव होते.