विकलेल्या संगणकात उरणारा मजकूर

जबलपूरच्या खमरियात १९४२ साली उभ्या राहिलेल्या आयुध निर्माणीभोवती कर्मचाऱ्यांची जी वसाहत वाढली, तिथे निवृत्तीनंतर सरकारी क्वार्टर सोडावे लागते आणि त्या आवराआवरीत कपाटे-पलंगांच्या जोडीने घरचा जुना संगणकही विकायला निघतो. त्यातच विंडोज १०चे नियमित सुरक्षा-साहाय्य १४ ऑक्टोबर २०२५ रोजी संपल्याने चालू स्थितीतली यंत्रेही घराबाहेर पडू लागली आहेत. कार्यालयातल्या संगणकाची विल्हेवाट कार्यालय लावते. घरच्या संगणकाची जबाबदारी मात्र सर्वस्वी घरच्यांचीच असते.

अशा यंत्रात फॉर्म १६, पेन्शनची कागदपत्रे, मुलांच्या गुणपत्रिका आणि ब्राउझरने लक्षात ठेवलेले पासवर्ड वर्षानुवर्षे साचलेले असतात. संकेतस्थळावरून उतरवून घेतलेल्या ई-आधारला पासवर्ड असतो खरा, परंतु तो नावाची पहिली चार इंग्रजी अक्षरे आणि जन्मसाल यांचा बनलेला असल्यामुळे त्याच संगणकातला एखादा जुना अर्ज हाती लागला, तरी ई-आधारची फाइल सहज उघडते.

फाइल डिलीट करून रिसायकल बिन रिकामी केली, की काम झाले असा सार्वत्रिक समज आहे आणि तोच सर्वांत घातक आहे. ऑपरेटिंग सिस्टिम, म्हणजे संगणकाचा सारा कारभार पाहणारी मूळ प्रणाली, अशा वेळी सूचीतली नोंद काढते आणि ती जागा मोकळी समजते. हार्ड डिस्कवरचा मजकूर मात्र तिथे दुसरे काही लिहिले जाईपर्यंत तसाच राहतो. क्विक फॉरमॅटनेही याहून फारसे वेगळे घडत नाही. अमेरिकेतील एमआयटीचे सिम्सन गारफिंकल आणि अभी शेलत यांनी जुन्या बाजारातून १५८ हार्ड डिस्क विकत घेऊन तपासल्या, तेव्हा चालू निघालेल्या १२९पैकी फक्त १२ नीट पुसलेल्या होत्या आणि उरलेल्यांत क्रेडिट कार्डांचे हजारो क्रमांक सापडले, असे त्यांनी २००३ साली प्रसिद्ध केले.

म्हणून आधी हव्या त्या फाइल्स दुसरीकडे उतरवून, सर्व खात्यांतून बाहेर पडून, मगच रीसेट करावे. विंडोजमध्ये ‘रिमूव्ह एव्हरीथिंग’ निवडल्यावर पुढच्या सेटिंगमधला ‘क्लीन डेटा’ हा पर्याय सुरू करणे महत्त्वाचे, कारण तो वगळल्यास मजकूर परत मिळवणे तुलनेने सोपे राहते. यात काही तास मोडतात, ते मोडू द्यावेत. पस्तीस वेळा पुसण्याची जी शिफारस अजूनही ऐकू येते, तिचा उगम पीटर गुटमन यांच्या १९९६च्या निबंधात असून आजच्या हार्ड डिस्कला एकदा पूर्ण पुसणे सामान्यतः पुरते.

एसएसडीची, म्हणजे फिरत्या तबकडीऐवजी चिपमध्ये साठवण करणाऱ्या डिस्कची, गोष्ट वेगळी आहे. झीज सर्वत्र सारखी व्हावी म्हणून ती नवा मजकूर सतत निराळ्या जागी लिहिते, त्यामुळे वरून पुसले तरी जुन्या प्रती आत राहू शकतात. तिच्यासाठी उत्पादक कंपनीच्या साधनातली ‘सिक्युअर इरेज’ ही आज्ञा वापरावी, किंवा पहिल्यापासूनच एन्क्रिप्शन, म्हणजे किल्लीविना वाचता न येणारे सांकेतिक लेखन, चालू ठेवावे. मग किल्ली नष्ट झाली की मागे उरलेली अक्षरे निरर्थक ठरतात.

विंडोजचे रीसेट उरकल्यावर देश आणि भाषा विचारणारा पहिला पडदा दिसतो; यंत्र तिथेच बंद करून खरेदीदाराला द्यावे. जे यंत्र सुरूच होत नाही, त्यातली डिस्क काढून घ्यावी आणि उरलेला सांगाडा तेवढा विकावा.