गावातून तालुक्याला माल विकायला जाता? नगरपरिषदेच्या योजनेत तुमचंही नाव बसतं!

प्रतिनिधी : "नगरपरिषदेचा पैसा म्हणजे शहरवाल्यांचा, आपल्याला काय त्याचं?" आपल्याकडं पारावर बसलं की हे वाक्य हमखास ऐकायला मिळतं. पण हा समज अर्धवट आहे, आणि त्यात नुकसान आपलंच होतं.

आमच्याच घरातली गोष्ट सांगतो. चुलती रोज पहाटेच्या एसटीनं मेथी-कोथिंबिरीच्या जुड्या घेऊन तालुक्याला जाते. भांडवल कमी पडलं की शेकडा पाच रुपये महिना दरानं उसनवारी करते. तिला कुणीतरी सांगितलं होतं की, फेरीवाल्यांचं कर्ज फक्त शहरात राहणाऱ्यांना मिळतं. त्यावर विश्वास ठेवून तिनं चौकशीच केली नाही. म्हणून हा लेख.

योजना काय आहे?

पीएम स्वनिधी ही योजना १ जून २०२० ला, लॉकडाऊनमध्ये हातगाडीवाले, पथारीवाले अडचणीत आले तेव्हा सुरू झाली. सुरुवातीला पहिलं कर्ज १० हजार होतं. ऑगस्ट २०२५ मध्ये केंद्रानं त्यात बदल केले. आता पहिला हप्ता १५ हजारांपर्यंत, तो वेळेत फेडला की २५ हजारांपर्यंत आणि त्यानंतर ५० हजारांपर्यंत. तारण लागत नाही. योजनेची मुदत ३१ मार्च २०३० पर्यंत वाढवली आहे.

वेळेवर हप्ते भरले तर ७ टक्के व्याज अनुदान थेट खात्यात जमा होतं. फोनवरून पैसे घेण्याची सवय लावली तर कॅशबॅक वेगळा.

आता हिशेब बघा. १५ हजार रुपये शेकडा पाचनं घेतले तर महिन्याला ७५० रुपये नुसतं व्याज. वर्षाला ९ हजार, आणि मुद्दल तसंच उभं. तेच बँकेनं समजा वर्षाला १२ टक्के दर लावला आणि महिन्याच्या हप्त्यानं वर्षात फेडलं, तर व्याज साधारण हजार रुपये होतं. त्यातलंही निम्म्याहून जास्त अनुदानातून परत येतं.

गावच्या माणसाला मिळतं का?

मिळतं. योजनेच्या मार्गदर्शक सूचनांतच लिहिलंय की, आसपासच्या ग्रामीण भागातून येऊन शहराच्या हद्दीत माल विकणारेही पात्र आहेत. अट एकच, नगरपरिषद किंवा नगरपंचायतीचं शिफारसपत्र पाहिजे.

इथं एक गोष्ट नीट समजून घ्या. कर्ज बँक देते, अनुदान केंद्र देतं. नगरपरिषदेचं काम फेरीवाल्यांचा सर्व्हे करणं, ओळखपत्र देणं आणि ज्यांचं नाव सर्व्हेत नाही त्यांना चौकशी करून शिफारसपत्र देणं. म्हणजे खेटे बँकेत नंतर, आधी नगरपरिषदेत.

आधार कार्ड मोबाईल नंबरला जोडलेलं ठेवा, बँकेचं पासबुक जवळ ठेवा. बाजार वसुलीच्या पावत्या फेकून देऊ नका. तुम्ही तिथं रोज बसता हे दाखवायला त्या कामाला येतात. आणि फॉर्म भरून देतो म्हणून पैसे मागणाऱ्या एजंटाच्या नादी लागू नका.

माल उचलून नेला तर?

२०१४ च्या फेरीवाला कायद्यानं जप्त मालाची यादी देणं बंधनकारक आहे. भाजीपाल्यासारखा नाशवंत माल मागणी केल्यावर त्याच दिवशी, बाकीचा माल दोन कामाच्या दिवसांत परत द्यावा लागतो. जागा बदलायची तर ३० दिवस आधी नोटीस पाहिजे. याच कायद्यानं नगर पथविक्रेता समिती नेमायची असते. तिच्यात किमान ४० टक्के सदस्य फेरीवाल्यांमधून निवडलेले पाहिजेत, आणि त्यातल्या एक तृतीयांश महिला.

शहरात रात्र काढायची वेळ आली तर?

दुष्काळी साल आलं की आपल्याकडची माणसं बोचकं बांधून शहर गाठतात. काम मिळतं, डोक्यावर छप्पर मिळत नाही. मग बसस्थानक नाहीतर पुलाखालची जागा. २०११ च्या जनगणनेत देशात १७ लाखांहून जास्त माणसं बेघर होती, त्यातली निम्म्याहून अधिक शहरांत. त्यात आपल्यासारख्या गावांतून गेलेलेही आहेतच.

सुप्रीम कोर्टानं २०१० मध्ये मोठ्या शहरांसाठी एक लाख लोकसंख्येमागं एक निवारा, तोही बाराही महिने चोवीस तास चालणारा, असा आदेश दिला. पुढं राष्ट्रीय नागरी उपजीविका अभियानात केंद्र आणि राज्याच्या पैशातून बेघर निवारे सुरू झाले. पाणी, संडास, अंथरूण एवढं तिथं असायलाच हवं. शिवाय आधार, रेशन कार्ड अशी कागदपत्रं मिळवून द्यायला मदत करणं हेही निवाऱ्याचंच काम आहे. कामाला निघालेल्या पोराला सांगून ठेवा, शहरात पोचल्यावर महापालिकेचा बेघर निवारा कुठं आहे ते आधी विचार.

मग करायचं काय?

तालुक्याला जाल त्या दिवशी एक तास काढा. नगरपरिषदेत तीन गोष्टी विचारा. फेरीवाल्यांचा सर्व्हे कधी झाला, पथविक्रेता समितीत कोण आहे, आणि शिफारसपत्रासाठी अर्ज कुणाकडं द्यायचा. तोंडी उत्तरावर परत फिरू नका. अर्ज लेखी द्या, पोच घ्या.

चुलतीचा अर्ज मागच्या सोमवारी दिला. पोचपावती घडी करून तिनं कमरेच्या पिशवीत ठेवलीय. मंजूर होईल न होईल, पण "आपल्याला मिळत नाही" असं ती आता म्हणत नाही.