वामनाला अजून एक वामन हवा होता

जुळे सोलापुरातून बोलतोय. हेडफोन लावलेत ना?

"मराठीत टर्मिनेटरसारखं काही नाही का ओ?" असं मला नेहमी विचारतात. आहे की! जयंत नारळीकरांची 'वामन परत न आला' ही १९८० च्या दशकातली कादंबरी. जमिनीत खोलवर खोदताना शास्त्रज्ञांना एक पेटी सापडते. ती ठेवणारे लोक आपल्यापेक्षा कितीतरी पुढारलेले, पण केव्हाच नामशेष झालेले. पेटीतल्या ज्ञानावरून आधी 'गुरू' नावाचा संगणक तयार होतो आणि मग वामन, एक अतिहुशार यंत्रमानव. पुढचं सगळं सांगत नाही, वाचा. एवढंच सांगतो, या वामनाला स्वतःसारखा दुसरा वामन बनवायचा असतो.

मला सगळ्यात भारी वाटतं ते नाव. पुराणातला वामन बळीराजाकडे काय मागतो? फक्त तीन पावलं जमीन. छोटीशी मागणी, तीही नम्रपणे. बळी हो म्हणतो, तिथेच सगळं संपतं.

आता 'रोबोट' आठवा, २०१० चा, रजनीकांतचा. (हा पण मूळचा शिवाजीराव गायकवाड, मराठी घरातला!) चिट्टी प्रेमात पडतो, नकार मिळतो, पुढे त्याच्यात लाल चिप बसवली जाते आणि तो बिघडतो. आपण शिट्ट्या मारतो त्या या बिघडलेल्या चिट्टीलाच. पण नीट बघा, एकटा चिट्टी आवरता आला असता. तो स्वतःच्या कॉप्या काढतो, तेव्हा खेळ हाताबाहेर जातो.

'रोबो' हा शब्द ज्या नाटकातून आला, त्या कारेल चापेकच्या 'आर. यू. आर.' मध्ये नेमकं उलटं आहे. तिथे रोबो माणसांना संपवतात, पण रोबो बनवायची कृती आधीच जाळून टाकलेली असते. जिंकूनही बिचारे अडकतात.

म्हणून मला वाटतं, यंत्राला राग येतो का, हा प्रश्न जरा फिल्मीच आहे. नारळीकरांचा वामन चिडायची गरजच नाही. त्याला दुसरा वामन बनवू द्यायचा की नाही, हे कोण ठरवणार, खरी गोम तिथे आहे. आणि वामनाला निदान लोखंड, सुटे भाग, कारखाना तरी लागला असता. आजच्या हुशार यंत्राचं डोकं म्हणजे एक फाईल. कॉपी करायला कितीसा वेळ लागतो?

जाता जाता एक गंमत. मराठीत नाव 'वामन परत न आला', इंग्रजीत मात्र 'द रिटर्न ऑफ वामन'. तो आला की नाही, ते वाचून तुम्हीच मला सांगा!