एका वेळी एकच कोपरा



पाडवा झाला, रब्बीचा माल घरात आला, की सोप्यातला पसारा डोळ्यांत खुपू लागतो. काही घरांत एखादा माणूस असा असतो, की विळा शोधायला जातो, वाटेत पंपाचा वायसर दिसतो, तो बसवायला घेतो, तोवर बियाण्याची पिशवी उघडीच. दिवस मावळतो नि सहा कामे अर्धी! घरचे त्याला आळशी ठरवून मोकळे होतात. पण लहानपणापासून असेच चालत आले असेल, तर तो आळस नसून एडीएचडी हा अवधानाचा विकार असू शकतो. तो मोठ्या माणसांतही राहतो.

अशा माणसाला ‘घर आवर’ म्हणू नका; ‘दाराजवळची फळी आवर’ म्हणा. घड्याळ लावून अर्धा तास पुरे. जवळ कोणी नुसते शेंगा फोडत बसले तरी काम तडीस जाते. पेटीत ठेवलेली वस्तू तो विसरतो. म्हणून विळा, खुरपे, पक्कड समोरच्या भिंतीवर खिळ्याला टांगा, मागे कोळशाने त्यांची आकृती काढा. काय परत आले नाही ते लगेच दिसते. सातबारा, पासबुक, खताच्या पावत्या एकाच पिशवीत.

कीटकनाशके मात्र त्याच्या एकट्यावर सोपवू नका. उरलेले औषध सरबताच्या बाटलीत ओतले, की पोराबाळांच्या जिवाशी गाठ. ते मूळ डब्यातच, कुलपात राहू द्या.

निदान मानसोपचारतज्ज्ञच करतील. जिल्हा रुग्णालयात चौकशी करा, किंवा टेली-मानसच्या १४४१६ या क्रमांकावर विचारा. ही सरकारी सेवा २०२२ पासून आहे, मोफत आहे आणि रात्रीही चालू असते.